जुनी झेड-४ घेताना एम४०आयसाठी जास्तीचे पैसे मोजावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दादरला घर, बीकेसीत ऑफिस, आणि रविवारी पहाटे छत उघडून भटकायला दोन सीटची गाडी हवी. समोर दोन जुन्या बीएमडब्ल्यू झेड-४ आहेत. एक एसड्राइव्ह२०आय, २०२०ची, मुंबई पासिंग, पहिलाच मालक, सर्व्हिसच्या सगळ्या नोंदी हातात. दुसरी एम४०आय, २०१९ची, दिल्ली पासिंग, दुसरा मालक, आणि दहा लाखांनी महाग. वरचं मॉडेल या दहा लाखांच्या लायकीचं आहे का, असं तुम्ही विचारलंय.

आहे. एम४०आय जास्तीच्या पैशांच्या लायकीची आहे. पण तुम्हाला दाखवलेली ही एम४०आय, तुम्ही जेवढं सांगितलंत त्यावरून, मी घेणार नाही.

मी माहीमला राहतो आणि एम४०आय चालवतो. माझ्या मावसभावाकडे २०आय आहे आणि आम्ही अधूनमधून गाड्यांची अदलाबदल करतो. त्यामुळे हे दोन्ही गाड्यांच्या सवयीतून लिहितोय.

आधी पैसे नेमके कशाचे जातात ते पाहू. एप्रिल २०१९मध्ये ही पिढी भारतात आली तेव्हा २०आयची एक्स-शोरूम किंमत ६४.९० लाख आणि एम४०आयची ७८.९० लाख होती, म्हणजे १४ लाखांचा फरक. बहुतेक गाड्यांत टॉप मॉडेलचे जास्तीचे पैसे मोठी चाकं, बरा म्युझिक सिस्टीम, सीटवरचं चामडं अशा गोष्टींत जातात आणि जुन्या बाजारात त्यांना कोणी विचारत नाही. झेड-४चं तसं नाही. इथे इंजिनच वेगळं आहे. २०आयला दोन लिटरचं चार सिलिंडर इंजिन, १९७ हॉर्सपॉवर आणि ३२० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर. एम४०आयला तीन लिटरचं, एका ओळीत सहा सिलिंडर असलेलं टर्बो इंजिन, ३४० हॉर्सपॉवर आणि ५०० न्यूटन मीटर. शून्य ते शंभर एकीला ६.६ सेकंद, दुसरीला ४.५. त्याखेरीज एम४०आयला कमी-जास्त कडक होणारं अॅडॅप्टिव्ह सस्पेन्शन, मोठे एम स्पोर्ट ब्रेक आणि मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारं एम स्पोर्ट डिफरन्शिअल कंपनीतूनच येतं. यातलं काहीही नंतर बाहेरून नीट बसवता येत नाही. २०आयचं इंजिन ट्यून करून ताकद वाढवून देणारे भरपूर भेटतील, पण चाराचे सहा सिलिंडर कोणी करून देणार नाही.

आता मुंबईत याचा उपयोग काय, हा तुमचा खरा मुद्दा. शंभरपर्यंतच्या सेकंदांचा जवळजवळ काहीच नाही. कोस्टल रोडवर मर्यादा ८०, बोगद्यात ६०. सी लिंकवरही ८०. शंभर मिळतात ते अटल सेतूवर आणि पुण्याच्या एक्सप्रेसवेवर, आणि एक्सप्रेसवेवर घाट लागला की पुन्हा खाली यावं लागतं. कॅमेरे सगळीकडे आहेत. दादर ते बीकेसी तर सायनच्या सिग्नलवर दोन्ही गाड्या शेजारीशेजारी उभ्या राहणार. कोणी आकडे दाखवून एम४०आय गळ्यात मारत असेल तर त्याचं ऐकू नका.

मला रोज जाणवतो तो फरक सस्पेन्शनचा, आणि याबद्दल लोक फार कमी बोलतात. आपल्याकडचे पेव्हर ब्लॉक, काँक्रीटच्या रस्त्यांचे जोड, मेट्रोच्या कामाच्या लोखंडी प्लेटा यांवरून एम४०आय कम्फर्ट मोडमध्ये माणसासारखी जाते. साध्या सस्पेन्शनची २०आय त्याच रस्त्यावर कंबर मोडते. ज्या शहरात गाडी बहुतेक वेळ ताशी २० किलोमीटरने जाते तिथे स्पोर्ट्स कारची परीक्षा आधी खड्ड्यांवर होते. काही २०आयना अॅडॅप्टिव्ह सस्पेन्शन जादा पैसे देऊन घेतलेलं असतं. तुम्हाला दाखवलेल्या गाडीत ते आहे का, हे चेसिस नंबरवरून कंपनीची ऑप्शनची यादी काढून पाहा. असेल तर दहा लाखांचा हिशोब बराच बदलतो, कारण मुंबईच्या वापरातला सर्वांत मोठा फरक तिथेच मिटतो.

दुसरा फरक इंजिनाच्या स्वभावाचा. ओळीतले सहा सिलिंडर एकमेकांची थरथर आपोआप खाऊन टाकतात. चार सिलिंडरमध्ये ते पूर्ण जमत नाही. सिग्नलला उभं असताना, छत उघडं असताना हे कळतं. मरीन ड्राइव्हवरून बोगद्यात शिरताना मर्यादेतच, दुसऱ्या गिअरवर, छत उघडं ठेवून जो आवाज भिंतींवरून परत येतो, त्यासाठीच मी ही गाडी ठेवली आहे. २०आयचा आवाज वाईट नाही, पण तो ऐकायला कोणी मुद्दाम बाहेर पडत नाही.

तिसरा फरक घाटात. ताम्हिणी, माळशेज, आंबोली अशा वळणावळणाच्या चढावर ५०० न्यूटन मीटर असले की ट्रक मागे टाकायला गिअर शोधत बसावं लागत नाही, आणि मोकळी जागा थोडी असली तरी काम लवकर उरकतं. डिफरन्शिअलचा उपयोग ओल्या रस्त्यावर कळतो. वळणातून बाहेर पडताना आतल्या चाकाची पकड सुटायला लागली की ते ताकद बाहेरच्या चाकाकडे देतं आणि गाडी ओढ धरून ठेवते. २०आयमध्ये हेच काम आतल्या चाकाचा ब्रेक धरून केलं जातं. त्याने गाडी सुरक्षित राहते, पण जोर तुटतो.

२०आयच्या बाजूनेही एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. एम४०आय तिच्यापेक्षा सुमारे १३० किलो जड आहे, आणि त्यातला मोठा भाग नाकावर आहे. घट्ट वळणात २०आय हलकी वाटते, पटकन वळते. ताम्हिणीत मावसभावाची गाडी घेऊन गेलो की पहिल्या काही वळणांत तीच जास्त आवडते. तिला कमअस्सल म्हणणाऱ्यांनी ती कधी नीट चालवलेली नसते.

आता तुमच्या समोरच्या एम४०आयकडे वळतो. दिल्ली पासिंग ही छोटी बाब नाही. गाडी इथे कायमची ठेवायची तर १२ महिन्यांच्या आत महाराष्ट्राचा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी दिल्लीच्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५, आणि इथला एकरकमी कर. झेड-४ भारतात जुळवलेली नाही, ती ऑस्ट्रियातल्या ग्राझहून तयार होऊन आलेली आहे. आयात केलेल्या गाडीला महाराष्ट्रात कराचा दर २० टक्के आहे. एम४०आयच्या २०१९मधल्या नव्या किमतीवर तो पंधरा-सोळा लाखांच्या घरात जातो. गाडीच्या वयाप्रमाणे तो कमी होतो, तरीही उरतो तो आकडा लाखांतलाच. दिल्लीला भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण तो हातात पडायला वेळ लागतो आणि अर्ज बहुधा आधीच्या मालकाच्या सहीनेच करावा लागतो. म्हणजे तुमचे दहा लाख दहा लाख नाहीत. ताडदेव आरटीओत जाऊन, किंवा भरवशाच्या एजंटकडून, या गाडीचा आजचा कर लेखी काढून घ्या आणि तो किमतीत मिळवा. डीलर ‘सगळं मी करून देतो’ म्हणाला तर ते पैसे भरून नवीन आरसी हातात पडेपर्यंत रकमेचा मोठा हिस्सा अडवून ठेवा.

शिवाय जुलै २०२३मध्ये यमुनेचं पाणी २०८.६६ मीटरपर्यंत चढून दिल्लीच्या सखल भागांत शिरलं होतं. त्या काळात ती गाडी कुठे उभी होती, हे विचारा आणि विचारून थांबू नका. डिकीतला खालचा गालिचा उचला, सीटचे रूळ बघा, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या शेवटच्या हातावर गाळाची रेघ आहे का ते पाहा. मुंबईच्या गाडीलाही हेच लागू आहे, कारण आपल्याकडे हिंदमाता आणि मिलन सबवे आहेतच.

आरसीवर इंजिनाची क्षमता नक्की वाचा. २०आयची १९९८ सीसी, एम४०आयची २९९८ सीसी. मागचा बिल्ला कोणीही चिकटवू शकतो. ऑईल बदललेलं किती महिन्यांनी, याची पावती मागा. सहा सिलिंडरला साडेसहा लिटर ऑईल लागतं आणि स्पार्क प्लगही सहा, त्यामुळे मालकाने कंजूषपणा केला असेल तर तो इथे दिसतो. कूलंटची पातळी थंड इंजिनावर बघा. दोन्ही गाड्यांना आठ गिअरचा झेडएफचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. त्याचं ऑईल ८० हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटरच्या दरम्यान बदलावं असं गिअरबॉक्स बनवणारेच सांगतात, तेव्हा ‘आयुष्यभर बदलायची गरज नाही’ हे वाक्य ऐकून सोडून द्या. एम४०आयचे मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतात. ते पुढे-मागे फिरवता येत नाहीत, म्हणून मागची जोडी लवकर संपते. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. चारही टायर एकाच काळातले आहेत का ते बघा.

छत कापडी आहे. ताशी ५० किलोमीटरपर्यंत चालत्या गाडीत ते दहा सेकंदांत उघडतं किंवा बंद होतं. ते पुन्हा पुन्हा उघडून बघा, आणि जमलं तर गाडी पावसात बघायला जा. छताच्या कडेने पाणी वाहून न्यायच्या नळ्या पाल्याने तुंबल्या की पाणी आत शिरतं, आणि तो वास कुठल्याही अत्तराने जात नाही. तुमच्या सोसायटीत मेकॅनिकल पार्किंग असेल तर आधी टेप घेऊन खाली उतरा. गाडी ४.३२ मीटर लांब आणि आरसे सोडून १.८६ मीटर रुंद आहे, आणि रॅम्पच्या तोंडाशी तिचं नाक घासणार की नाही हे तिथेच कळेल.

विम्याबद्दल थोडंसं. दोन्ही इंजिनं १५०० सीसीच्या वर आहेत, त्यामुळे थर्ड पार्टीचा हप्ता सारखाच. बाकीचा हप्ता गाडीच्या ठरलेल्या किमतीवर जातो. आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याकडेच राहतो. मुंबईत इंजिन प्रोटेक्शनची पुरवणी घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. पाणी ओढून इंजिन अडकलं तर साधी पॉलिसी बहुतेक वेळा हात वर करते.

पुढे विकायचा विचार केलात तर एम४०आयचं पारडं जड आहे. २०२३ची सुधारित झेड-४ भारतात फक्त एम४०आय म्हणूनच आली, २०आय आलीच नाही. जुन्या गाडीला गिऱ्हाईक शोधताना सहा सिलिंडर हाच पहिला प्रश्न असतो.

म्हणून मी तुमच्या जागी असतो तर महाराष्ट्र पासिंगची, नोंदी पूर्ण असलेली एम४०आय मिळेपर्यंत थांबलो असतो. मुंबई-पुण्यात त्या फार नाहीत, पण निघतात, आणि पावसाळ्यात उघड्या छताच्या गाडीला विचारणारे कमी असल्याने भाव बोलता येतो. अट एकच: गाडीचे पैसे दिल्यानंतर टायर, ब्रेक आणि एखाद्या अचानक निघालेल्या कामासाठी दोन-तीन लाख बाजूला उरले पाहिजेत. ते उरत नसतील तर ही २०२०ची २०आय घ्या, आणि ऑप्शनच्या यादीत अॅडॅप्टिव्ह सस्पेन्शन निघालं तर फार विचार न करता घ्या.

दिल्लीची गाडी मनातून जातच नसेल तर डीलरकडून चेसिस नंबर, सर्व्हिसच्या पावत्या आणि आरसीची दोन्ही बाजूंची प्रत मागा. डीलरने भाव उतरवला, कराचा आकडा मिळवूनही फरक दहा लाखांच्या आत राहिला आणि गाडी कोरडी निघाली, तरच टोकन द्या.