काळ हा केवळ मनाचा भास आहे का?

प्रश्न : ईश्वराला भूत, वर्तमान आणि भविष्य एकाच वेळी दिसतात, असे मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ मानत. मग त्यांच्या मते काळाचा ओघ हा आपल्या मनाचा भासच ठरतो का? – एक वाचक

उत्तर : नाही. त्यांच्यापैकी बहुतेकांनी काळ खराच मानला. मात्र आपली शंका निराधार नाही, कारण तिचे बीज चौथ्या-पाचव्या शतकातील ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टिनच्याच विवेचनात सापडते. ‘कन्फेशन्स’ या आपल्या आत्मकथनाच्या अकराव्या भागात तो बिशप अँब्रोझच्या स्तोत्रातील आठ अक्षरांची, ऱ्हस्व-दीर्घ अशा क्रमाने येणारी एक ओळ घेतो आणि विचारतो, की दीर्घ अक्षर ऱ्हस्वाच्या दुप्पट आहे हे आपण मोजतो तरी कसे? उच्चार चालू असताना ते पूर्ण झालेले नसते आणि पूर्ण होताच ते उरत नाही. म्हणजे आपण मोजतो तो स्मृतीवर उमटलेला ठसा. मला हा उतारा साऱ्या कालचर्चेत सर्वांत सूक्ष्म वाटतो. तरीही जगाबरोबर काळही निर्माण झाला, असे तोच ऑगस्टिन ठामपणे सांगतो.

पुढे ॲरिस्टॉटलचे ग्रंथ लॅटिनमध्ये आले आणि वाद अधिक टोकदार झाला. पूर्वापर क्रमाने केलेली गतीची मोजणी म्हणजे काळ, ही त्याची व्याख्या. मग मोजणारा आत्माच नसेल, तर काळ उरेल का? गती बाहेर असते, मोजणी मात्र आत्म्यामुळे पूर्णत्वास जाते, अशी विभागणी ॲरिस्टॉटलचा अरबी भाष्यकार इब्न रुश्द याने केली. पॅरिसचे बिशप तांपिए यांनी १२७७ मध्ये जी २१९ विधाने निषिद्ध ठरवली, त्यांत काळ वस्तुतः नसून केवळ आकलनात असतो, हेही एक विधान होते.

खरी अडचण ईश्वराच्या शाश्वततेच्या बाजूने येते. रोमन तत्त्वज्ञ बोएथियसने सहाव्या शतकात शाश्वतता म्हणजे न संपणारा काळ नव्हे, तर अनंत जीवन एकाच क्षणी संपूर्णपणे लाभणे, असे सांगितले. त्याच्या आधारे तेराव्या शतकातील तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसने वर्तुळाचा दाखला दिला : परिघावरील बिंदू, म्हणजे काळाचे क्षण, एकामागून एक येतात, पण केंद्र, म्हणजे शाश्वतता, त्या सर्वांसमोर सारखेच असते. यावर त्याच्या नंतरचा तत्त्वज्ञ डन्स स्कोटस याचा आक्षेप असा, की परीघ अजून पुरता काढून झालेलाच नाही; जे अद्याप अस्तित्वात नाही, ते शाश्वततेच्याही सोबत असू शकत नाही. मला हा आक्षेप बिनतोड वाटतो, कारण काळाचा ओघ खरा मानायचा, तर भविष्य आधीच कोठेतरी मांडून ठेवलेले आहे असे धरून चालता येत नाही.