लॅब्राडॉरच्या प्लेटलेट ५८,००० आल्यात, किती घाबरायचं?

तुम्ही लिहिलंय की कुत्रा नीट जेवत नाही, अंगावर गोचिडी सापडल्या आणि रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी १४,००० 'जास्त', तर प्लेटलेट ५८,००० आणि हिमोग्लोबिन ९.२ 'कमी' आलंय. मी पशुवैद्यक आहे, असे रिपोर्ट रोज बघते.

पांढऱ्या पेशींची काळजी आधी सोडा. शेजारी छापलेली ४,००० ते ११,००० ही मर्यादा माणसांची आहे. निरोगी कुत्र्यात त्या ६,००० ते १७,००० असतात. हिमोग्लोबिन साधारण १२ ते १८, प्लेटलेट दोन ते पाच लाख. लॅबप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतं. ग्रेहाउंडमध्ये प्लेटलेट मुळातच कमी असतात, पण लॅब्राडॉरमध्ये ५८,००० हे कमीच.

तरी आकडा खरा आहे का, ते बघायला हवं. रक्त काढताना वेळ लागला तर प्लेटलेटचे गठ्ठे होतात आणि मशीनला ते मोजता येत नाहीत. म्हणून स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, मायक्रोस्कोपखाली बघून घ्यायला सांगा. त्यातच बबेसिया हा रक्तपेशींमधला परजीवी दिसू शकतो. एर्लिकिया हा जिवाणू मात्र स्मिअरमध्ये बऱ्याचदा सापडत नाही, त्यामुळे 'काही दिसलं नाही' यावर थांबू नका, रक्ताची झटपट किट टेस्ट किंवा पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) करा. दोन्ही गोचिडीमुळेच होतात, पण औषधं वेगळी आहेत, म्हणून एवढा आग्रह. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन ही अँटिबायोटिक साधारण चार आठवडे द्यावी लागते. काही दिवसांतच कुत्रा जेवायला लागतो आणि लोक गोळ्या बंद करतात, याचं मला फार वाईट वाटतं. गोळी रिकाम्या पोटी देऊ नका, उलटी होते.

रिपोर्टमधलं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) १.१ बघून किडनी ठणठणीत आहे असंही समजू नका. किडनीचं जवळपास तीन चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत तो आकडा वाढत नाही. एर्लिकियात लघवीतून प्रोटीन जाऊ शकतं, तेव्हा लघवीही तपासा.

ताप आहे म्हणून घरातली आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन अजिबात देऊ नका, प्लेटलेट कमी असताना त्याने पोटात रक्तस्राव होऊ शकतो. हिरड्या पांढुरक्या दिसल्या, पोटावर लाल ठिपके आले, नाकातून रक्त आलं किंवा शी काळी झाली, तर पुढच्या रिपोर्टची वाट न बघता आजच दवाखान्यात न्या.