सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत रोख न नेता फक्त फोनवर भागेल का?

नाही, ३००-४०० रुपये सुटे खिशात असू द्याच. होम मैदानावर आमचा शेंगाचटणीचा स्टॉल असतो, त्यावरून सांगतो. क्यूआर कोड आता जवळपास सगळ्यांकडे आहे, पण संक्रांतीच्या गर्दीत नेटवर्क जाम होतं. तुमचे पैसे कापले जातात आणि आमचा साउंडबॉक्स (पैसे आले की बोलून सांगणारा डबा) गप्प, कारण त्यातही सिमच असतं. मग मागे रांग थांबते, लेकरं ताटकळतात. घरूनच यूपीआय लाइटमध्ये (यूपीआय अ‍ॅपमधलं छोटं पाकीट) पैसे भरून या: ५,००० रुपयांपर्यंत ठेवता येतात, १,००० पर्यंत पिन लागत नाही, बँकेचा सर्व्हर अडकला तरी चालतं. इंटरनेट मात्र त्यालाही लागतं. पाळण्यापाशी आणि फुगेवाल्या आजींकडे रोखच द्या, त्यांना संध्याकाळी माल भरायचा असतो.