बडोद्यात विद्यापीठाच्या मुलींच्या फुटबॉल टीमचा सीझन कसा असतो?

तुमच्या मुलीला यंदा महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रवेश मिळालाय, शाळेत ती फुटबॉल खेळायची, आणि अमेरिकेतल्या भाचीला कॉलेजकडून महिनोन्‌महिने मॅचेस मिळतात, तसं इथे मिळेल का, असं तुम्ही विचारलंय. मी इथेच शिकले, लेफ्ट बॅक खेळायचे, आता संध्याकाळी शाळकरी मुलींना शिकवते. सरळच सांगते, नुसत्या विद्यापीठाच्या भरवशावर राहिलात तर मॅचेस फार थोड्या मिळतील.

भाचीकडे ऑगस्टमध्ये मॅचेस सुरू होतात आणि डिसेंबरात राष्ट्रीय फायनल असते. त्या शेवटच्या स्पर्धेतच ६४ टीम असतात. १९७२ साली तिथे शिक्षणसंस्थांत मुलींशी भेदभाव करायला कायद्यानं बंदी आली. खेळही त्यात आला, म्हणून मुलींच्या टीमवर पैसा लागला.

इथे जिना असा आहे. आपलं विद्यापीठ मुख्यतः फॅकल्ट्यांचं, त्यामुळे आधी फॅकल्टीची टीम. अकरा जमवताना धावणाऱ्या, कबड्डी खेळणाऱ्या मुलींनाही स्टडचे बूट घालायला लावतात, आणि त्यातल्या एकदोघी खरंच भारी निघतात! मग ट्रायल, त्यातून विद्यापीठाची टीम, आणि ती पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाते. गुजरात, महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान, गोवा, सगळे एकाच विभागात. पहिल्या चार टीम अखिल भारतीय स्पर्धेला, आणि तिथल्या पहिल्या आठ ‘खेलो इंडिया’च्या विद्यापीठ स्पर्धेला, जी २०२० साली भुवनेश्वरला सुरू झाली.

अडचण अशी की सुरुवातीच्या फेऱ्या नॉकआऊट असतात. पहिल्या मॅचला हरलात की बॅग भरायची. ड्रॉमध्ये कोल्हापूरचं विद्यापीठ समोर आलं तर काय करणार? त्या गावात तालमींच्या टीम आहेत, शाहू स्टेडियम मॅचला भरतं, मुली ते बघत मोठ्या होतात. आमच्या मुली रात्रभर स्लीपरमध्ये थेपले खात पोचायच्या, नव्वद मिनिटं पळायच्या आणि परतीच्या गाडीचं वेटिंग बघत बसायच्या. तरी तो प्रवास चुकवू नये असं माझं मत आहे, कारण आपण नक्की किती पाण्यात आहोत ते तिथेच कळतं. फक्त त्याला सीझन समजू नका.

खरा सीझन बाहेर उभा करावा लागतो. शहरात एखादा क्लब किंवा अ‍ॅकॅडमी धरा, जिल्हा संघटनेच्या मॅचेस, गुजरात सरकारच्या ‘खेल महाकुंभ’ स्पर्धा, जे मिळेल ते खेळू द्या. आठवड्याला एक तरी पूर्ण मॅच हवी, मुलांबरोबर असली तरी चालेल. घरात कोणी ‘काळी पडशील’ म्हणालं तर ते तुम्ही सांभाळा, तिच्यापर्यंत जाऊ देऊ नका.

आणि गुडघा. यावर मी जरा हट्टी आहे. गुडघ्यातला एसीएल नावाचा लिगामेंट तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा बरंच जास्त असतं, आणि तो तुटला की बहुतेकदा वर्ष गेलंच. वर्षभर न खेळता एकदम स्पर्धेत उतरणाऱ्या मुलींची मला म्हणूनच धास्ती वाटते. ‘फिफा ११+’ नावाचा वीसेक मिनिटांचा वॉर्म-अप आहे: हळू पळणं, एका पायावर तोल, मांडीमागच्या स्नायूंचे व्यायाम, उडी मारून गुडघा आत न वळवता उतरणं. नॉर्वेत मुलींच्या क्लबांवर त्याची चाचणी झाली होती. २००८ साली ती प्रसिद्ध झाली आणि गंभीर दुखापती स्पष्टपणे कमी झालेल्या दिसल्या. साहित्य म्हणून एक बॉल पुरतो. कोचनं करून घेतला नाही तर तिनं वीस मिनिटं आधी जाऊन एकटीनं करावा.

हजेरीचं पत्र आधीच काढून ठेवा, स्पर्धा आणि सेमिस्टरच्या परीक्षा हमखास एकमेकींच्या अंगावर येतात.

ती कुठल्या जागेवर खेळते ते तुम्ही लिहिलं नाहीत. फॉरवर्ड असेल तर ट्रायलला चुरस असेल. गोलकीपर असेल तर नुसती ग्राऊंडवर पाठवा, तिला कोणी घरी परत जाऊ देणार नाही.