गाडी थांबवण्यासाठी सुरक्षित जागा कशी ओळखावी?

‘थांबण्यास मनाई’ असा फलक नसेल तर गाडी कुठेही बाजूला घेऊन उभी करणे सुरक्षित मानावे का, असे आपण विचारले आहे. तसे मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चौकाचे तोंड, झेब्रा क्रॉसिंग, रेल्वे फाटकाच्या आसपासची जागा किंवा बोगदा अशा ठिकाणी फलक असो वा नसो, गाडी उभी करायची नसते. चढाच्या माथ्यावर आणि पुढचे पुरेसे दिसत नाही अशा वळणावर थांबू नये, असे रस्ते वाहतुकीविषयीच्या 1968 च्या व्हिएन्ना करारातही नमूद आहे.

जागा निवडताना मी एकच गोष्ट आधी पाहतो: माझी गाडी उभी आहे, हे मागून येणाऱ्याला किती अंतरावरून कळेल? ताशी 100 किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात सुमारे 28 मीटर अंतर कापते. समोरचे वाहन थांबलेले आहे हे ध्यानात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद सहज जातो आणि त्यानंतर कोरड्या रस्त्यावरही गाडी पूर्ण थांबायला आणखी साधारण 50 मीटर लागतात. म्हणजे 80 ते 90 मीटर झाले. रस्ता ओला असेल किंवा मागचे वाहन मालाने भरलेले असेल, तर त्याहून अधिक धरावे. वळण संपल्यावर 30 मीटरवर उभी असलेली गाडी कितीही कडेला घेतलेली असली, तरी मागच्याच्या हाती जेमतेम एक सेकंद उरतो. म्हणून वळणाच्या किंवा चढाच्या अलीकडे, सरळ रस्त्यावर थांबावे. ते हुकले, तर पुढचा सरळ भाग येईपर्यंत जात राहावे.

रात्री आणि धुक्यात ही अडचण फार वाढते, कारण मागच्या चालकाला गाडी दिसत नाही, फक्त दोन लाल दिवे दिसतात. ते दिवे चालत्या गाडीचे आहेत की उभ्या गाडीचे, हे दुरून ओळखता येत नाही. उलट धुक्यात पुष्कळ चालक पुढच्या लाल दिव्यांच्या मागोमाग जातात आणि साइडपट्टीवर उभ्या असलेल्या गाडीकडेच वळतात. त्यामुळे धुक्यात थांबायचेच असेल, तर पेट्रोल पंप, वाहनतळ किंवा एखादा फाटा गाठून मुख्य रस्ता पूर्णपणे सोडावा. द्रुतगती मार्गाची साइडपट्टी ही विश्रांतीची जागा नव्हे. फोन घेणे, नकाशा पाहणे, डुलकी काढणे यांपैकी कशासाठीही तिथे थांबू नये. झोप अनावर होईपर्यंत गाडी रेटली की नेमकी अशीच चुकीची जागा पत्करावी लागते; म्हणून पहिली जांभई आली की पुढचा थांबा कोणता, हे ठरवून टाकावे.

गाडी बिघडली तर निवडीला फारसा वाव नसतो, पण थोडा असतो. इंजिन बंद पडले, तरी अंगात असलेल्या वेगावर गाडी बरेच अंतर जाते. तेवढ्यात इंडिकेटर देऊन तिला कडेला आणावे. मात्र स्टिअरिंग आणि ब्रेक नेहमीपेक्षा जड लागतील, हे लक्षात ठेवावे, आणि गाडी चालती असताना किल्ली काढू नये, कारण स्टिअरिंग अडकू शकते. टायर पंक्चर झाला असेल, तर आंधळ्या वळणावर जॅक लावण्यापेक्षा अगदी सावकाश पुढे जाऊन मोकळी जागा गाठावी. त्यात टायर आणि कदाचित रिमही खराब होईल, आणि ते नुकसान मी आनंदाने सोसेन.

थांबल्यावर चारही इंडिकेटर लावावेत आणि वाहतुकीपासून दूर असलेल्या बाजूच्या दारातूनच सर्वांना उतरवावे. गाडीत बसून मदतीची वाट पाहणे धोक्याचे असते. कठडा असेल तर त्याच्या पलीकडे, आणि गाडीच्या पुढे नव्हे, तर थोडे मागच्या बाजूला उभे राहावे, कारण मागून धडक बसली की गाडी पुढे ढकलली जाते. इशाऱ्याचा लाल त्रिकोण ठेवणे शक्य असेल, तर तो गाडीला चिकटून ठेवू नये. 50 मीटर मागे ठेवला, तरी वर सांगितलेल्या वेगाने येणाऱ्याला त्रिकोणापासून गाडीपर्यंत दोन सेकंदसुद्धा मिळत नाहीत. भरधाव वाहतुकीच्या रस्त्यावर मात्र तो ठेवण्यासाठी चालत जाणेच जिवावर बेतू शकते. तिथे तो मोह टाळावा.

उतारावर गाडी सोडून जाताना हँडब्रेक ओढून गिअर टाकावा आणि पुढची चाके अशी वळवावीत, की गाडी घसरलीच तर रस्त्यावर न येता कडेला अडेल. वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नये. लांबच्या प्रवासानंतर सायलेन्सरचा भाग इतका तापलेला असतो, की खालचे गवत पेट घेऊ शकते.