काविळीत आधी कोणती तपासणी, नंतर कोणती?

भाऊ, तुम्ही सांगितलंत की बाबा ५८ वर्षांचे, पंधरा दिवसांपासून डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज, पोटात दुखत नाही. लॅबवाल्यानं 'फुल बॉडी' पॅकेज पुढे केलं आणि शेजारी म्हणतात, नागपूरला नेऊन एंडोस्कोपी करा. माझ्या मते दोन्ही आत्ता नकोत. तोंडावाटे दुर्बीण टाकली की अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याची सुरुवात दिसते. लिव्हर दिसत नाही.

आधी रक्त: एलएफटी (लिव्हरची चाचणी), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते), क्रिएटिनिन (किडनीचं काम), शिवाय हिपॅटायटिस बी आणि सीची एकेक चाचणी. एलएफटीत टोटलसोबत डायरेक्ट बिलिरुबिन (काविळीच्या पिवळ्या रंगद्रव्याचा लिव्हरनं प्रक्रिया केलेला भाग) आणि अल्कलाइन फॉस्फेटेज (पित्तनळी अडली की वाढणारं एन्झाइम) आहे ना, हे पैसे देण्याआधीच विचारा. काही ठिकाणी नुसतं टोटल आणि एसजीपीटी (लिव्हरच्या पेशींना इजा झाली की वाढणारं एन्झाइम) हातात देतात, मग पुन्हा सुई.

एसजीपीटी हजारांत आणि फॉस्फेटेज जेमतेम वाढलेलं असेल तर लिव्हरलाच सूज: दूषित पाण्यातून ए किंवा ई व्हायरस, नाहीतर औषध, त्यात काविळीची गावठी मुळीही आली. एसजीओटी (तसंच दुसरं एन्झाइम) एसजीपीटीच्या दुप्पट, पण तीनशेच्या आत, म्हणजे बहुधा दारू. इनडायरेक्ट बिलिरुबिन (लिव्हरनं अजून प्रक्रिया न केलेलं) जास्त, हिमोग्लोबिन कमी आणि बाकी सगळं ठीक असेल तर रक्तपेशी फुटताहेत. आपल्याकडे विदर्भात अशा वेळी सिकलसेल (रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याचा आनुवंशिक आजार) तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. सिकलसेलमध्ये कमी वयातही पित्ताचे खडे होतात, त्यामुळे दोन्ही कारणं एकत्र सापडू शकतात. ताप असेल तर मलेरिया आणि स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यानं येणारा ताप) आधी तपासा. फॉस्फेटेज तीन-चार पट, डायरेक्ट जास्त, खाज आणि संडास पांढरट, तर पित्ताची नळी कुठेतरी अडली आहे. बाबांचं वर्णन याच्याच जवळचं वाटतं. फक्त एक, खडा नुकताच अडकला असेल तर पहिले एक-दोन दिवस एसजीपीटीही पाचशेच्या वर उडी मारतं, तेव्हा एकाच रिपोर्टवर निकाल लावू नका.

नमुन्याकडेही लक्ष द्या. पीटीची ट्यूब निळ्या झाकणाची असते आणि ती खुणेपर्यंत भरावीच लागते. रक्त कमी पडलं तर आतलं सायट्रेट (रक्त गोठू न देणारं द्रव्य) प्रमाणाबाहेर होऊन आयएनआर खोटा वाढलेला येतो. उन्हात ठेवलेल्या नमुन्यात बिलिरुबिन कमी होतं, आणि मोटारसायकलवर हिंदकळून रक्तपेशी फुटल्या की एसजीओटी वाढलेलं दिसतं. मे महिन्यात गावातून तालुक्याला नमुना पाठवण्यापेक्षा माणसालाच लॅबमध्ये नेलेलं बरं.

त्याच सकाळी सोनोग्राफी, सहा ते आठ तास उपाशीपोटी. पाणी चालतं. दुधाचा चहा घेतला की पित्ताशय आकसतं आणि आतले खडे नीट दिसत नाहीत. रिपोर्टमध्ये मुख्य पित्तनळीची रुंदी मिलिमीटरमध्ये (साधारण ६ पर्यंत ठीक, वयानुसार थोडी जास्त) आणि लिव्हरमधल्या नळ्या फुगल्या आहेत की नाही, हे लिहून मागा. नळीचं खालचं टोक आतड्यातल्या गॅसमागे लपतं, त्यामुळे 'नळी फुगलेली, खडा दिसला नाही' याचा अर्थ खडा नाही असा होत नाही.

खड्याचा संशय असेल तर एमआरसीपी (पित्तनळ्यांचा एमआरआय). त्यात इंजेक्शन लागत नाही. पण दुखणं नाही, वजन उतरतंय, पित्ताशय फुगलंय असं चित्र असेल तर स्वादुपिंडाची गाठ आधी शोधावी लागते आणि त्यासाठी कॉन्ट्रास्ट सीटी (शिरेत औषधाचं इंजेक्शन देऊन काढलेला), तोही नळीत स्टेंट (वाट मोकळी ठेवणारी बारीक नळी) पडण्याआधी. स्टेंटनंतर चित्र बिघडतं. क्रिएटिनिन वर सांगितलं ते याच इंजेक्शनसाठी. ईआरसीपी (दुर्बिणीतून पित्तनळीत जाऊन खडा काढणं किंवा स्टेंट टाकणं) ही उपचाराची पायरी आहे. तिच्यामुळे स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, म्हणून 'नुसतं बघून घेऊ' यासाठी ती करू नये.

आयएनआर १.५ च्या वर आला तर डॉक्टर बहुधा व्हिटॅमिन के चं इंजेक्शन देऊन तो पुन्हा तपासतात. नळी अडल्यामुळे वाढला असेल तर उतरतो. लिव्हरच थकलं असेल तर फारसा हलत नाही.

एंडोस्कोपीची पाळी येते ती काळी संडास, रक्ताची उलटी किंवा घास अडकणं असेल तेव्हा. किंवा सिरॉसिस (लिव्हर कायमचं कडक होणं) ठरून प्लेटलेट्स दीड लाखाखाली असतील तर, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बघायला.

थंडी वाजून ताप, गुंगी, बरळणं, रक्ताची उलटी यातलं काहीही दिसलं, तर रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी वर्ध्याजवळच्या सेवाग्राम किंवा सावंगीच्या रुग्णालयात किंवा नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजला न्या. घरात गरोदर बाईला कावीळ झाली तरी हेच. जाताना फक्त छापील रिपोर्ट नको, सीटी-एमआरआयची सीडी घ्या. ती नसली की तिथं बऱ्याचदा तपासणी पुन्हा करावी लागते.