‘एवढी वर्षे शिकवले, ते चुकीचे होते का?’

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे अभ्यासक्रम बदलला, पाठ्यपुस्तके बदलली, आता प्रगतिपत्रकही बदलणार. मग मी एवढी वर्षे जे शिकवले ते चुकीचे होते का, हा प्रश्न माझ्याकडे येणारे शिक्षक निरनिराळ्या शब्दांत विचारतात. प्रशिक्षणवर्गात तो कोणी विचारत नाही, कारण तेथे शंका विचारायच्या असतात त्या कार्यपद्धतीविषयी. मनातली ही शंका मग घरी येते, रात्री जागी ठेवते आणि काही जणांना समुपदेशकाच्या दारापर्यंत आणते. अशाच एका शिक्षिकेचा अनुभव त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे लिहीत आहे. त्यांची मुले त्यांना बाई म्हणतात. मीही तसेच म्हणते.

बाईंनी नुकतीच पन्नाशी ओलांडली होती. 1998 पासून त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरीला असून सध्या मराठवाड्यातील एका वस्तीवरच्या द्विशिक्षकी शाळेत पहिली व दुसरीचा वर्ग सांभाळतात. 2025 च्या पावसाळ्याच्या तोंडावर त्या आल्या तेव्हा पहाटे तीनला जाग येणे, छातीत धडधडणे आणि शाळेचा रस्ता जवळ आला की पोटात गोळा येणे अशा तक्रारी होत्या. रक्तदाब, थायरॉइड वगैरे तपासण्या त्यांच्या डॉक्टरांनी आधीच करून घेतल्या होत्या आणि त्यांत काही निघाले नव्हते. स्वेच्छानिवृत्तीचा विचार घरात सुरू झाला होता.

पहिल्याच भेटीत माझ्या हातून एक चूक झाली. सत्तावीस वर्षांचा अनुभव गाठीशी असलेल्या माणसाला हे जमणार नाही तर कोणाला जमेल, असे मी धीर देण्याच्या हेतूने बोलून गेले. बाई गप्प झाल्या आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, “सगळे हेच म्हणतात, ताई.” त्या एका वाक्याने मला जागेवर आणले. अनुभव हाच तर त्यांच्या भीतीचा गाभा होता. तो निरुपयोगी ठरला असे वाटत असलेल्या व्यक्तीला मी त्याच अनुभवाची आठवण करून देत होते. त्यानंतर मी बोलणे थांबवून ऐकू लागले, तेव्हा नव्या पुस्तकांची, ॲपवरील माहिती भरण्याची, ‘समग्र’ म्हटल्या जाणाऱ्या नव्या प्रगतिपत्रकाची अशी एकेक काळजी बाहेर आली आणि सर्वांत शेवटी, खाली बघत, त्या म्हणाल्या, “तपासणीला आलेल्या साहेबांनी काही विचारलं आणि मला सांगता आलं नाही, तर समोर पोरं बसलेली असतात.”

बदलाच्या भीतीपोटी लाजेची भीती दडलेली असते, हे मी अनेक शिक्षकांच्या बाबतीत पाहिले आहे. ज्या जागी बसून आपण दुसऱ्यांना ‘येत नाही तर विचार’ असे सांगतो, त्याच जागी बसून ‘मला येत नाही’ म्हणणे फार कठीण असते.

दुसऱ्या भेटीत आम्ही एका कागदाचे दोन भाग केले. एका बाजूला ठरलेल्या गोष्टी आणि दुसऱ्या बाजूला व्हॉट्सॲपच्या गटांवरून आलेल्या. निकाल कमी लागला तर वेतनवाढ थांबणार, जुन्या शिक्षकांची परीक्षा घेणार, अशा दुसऱ्या बाजूच्या एकाही ओळीला आधाराचा कागद सापडेना. ठरलेल्या बाजूला मात्र 16 एप्रिल 2025 चा शासन निर्णय होता. तो आम्ही शेजारी बसून वाचला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार नवा अभ्यासक्रम 2025-26 मध्ये पहिलीला, 2026-27 मध्ये दुसरी, तिसरी, चौथी व सहावीला, त्यानंतरच्या वर्षी पाचवी, सातवी, नववी व अकरावीला आणि 2028-29 मध्ये आठवी, दहावी व बारावीला लागू करण्याचे टप्पे त्यात आखले होते. बाईंनी बोटांवर मोजले. यंदा त्यांच्या खोलीत पहिलीला नवे पुस्तक व दुसरीला जुने, आणि पुढच्या जूनमध्ये दुसरी, तिसरी, चौथी एकदम बदलणार. भार खरा होता आणि तो खरा आहे असे मी त्यांना स्पष्ट सांगितले, कारण समुपदेशनाच्या नावाखाली खऱ्या ओझ्याला मनाचा खेळ ठरवणे हा मी अन्याय समजते. परंतु त्याच कागदातून दुसरीही एक गोष्ट दिसली: हाती एक पूर्ण वर्ष होते आणि त्या वर्षात बदल फक्त पहिलीच्या सहा मुलांपुरता होता. ‘सगळे बदलले’ या वाक्याच्या जागी ‘यंदा सहा मुले’ हे शब्द आले, तेव्हा बाईंनी आल्यापासून पहिल्यांदा पाठ टेकवून बसून घेतले.

मूल्यमापनाची धास्ती मात्र अजून तशीच होती. समग्र प्रगतिपत्रकात शिक्षकाच्या नोंदींसोबत मुलाचे स्वतःचे मत, सोबत्यांचे मत आणि पालकांचे मत यांनाही जागा आहे. गुणांच्या आकड्यापेक्षा मूल काय करू शकते आणि कशात अडते, याचे वर्णन अपेक्षित आहे. “असलं लिहायला मला येत नाही,” असे बाई पुनःपुन्हा म्हणत. म्हणून मी त्यांना मागील वर्षीची सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची, म्हणजे वर्षभर मुलाच्या प्रगतीच्या नोंदी ठेवण्याची, वही घेऊन यायला सांगितले.

खाकी कव्हर घातलेली, सुबक अक्षरांतली ती वही मी चाळली. एका मुलाच्या पानावर ‘विशेष प्रगती’ या रकान्यात ‘दिलेल्या सूचना लक्षपूर्वक ऐकतो’ आणि ‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यात ‘वजाबाकीत चुका करतो’ असे लिहिले होते. पुढच्या चार पानांवरही थोड्याफार फरकाने हीच वाक्ये होती. मी त्या पानावर हात ठेवला आणि विचारले, “हा मुलगा वजाबाकीत नेमकं काय चुकतो?”

“बेचाळीसातून सतरा सांगितले की पस्तीस लिहितो,” बाई क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या. “दोनातून सात जात नाहीत ना, मग हा सातातून दोन काढून मोकळा होतो. दशक सोडायचं त्याच्या ध्यानातच येत नाही. पण दुकानात पाठवा त्याला. वीसची नोट द्या, तेरा रुपयांचं सामान घेऊन सात रुपये बरोबर परत आणील. तोंडी हिशेब पक्का आहे, मांडणीत अडकतो. काड्यांचा गठ्ठा हातात दिला, रबर काढून सोडायला लावला, की लगेच कळतं. दोन दिवसांनी पुन्हा विसरतो.”

मी वही त्यांच्याकडे वळवून म्हटले की, मुलाची चूक कोणती, ती का होते, तीच गोष्ट त्याला कोठे जमते, कोणती मदत लागू पडते आणि ती किती दिवस टिकते, हे सगळे तुम्ही आत्ता एका दमात सांगितले आणि नव्या पत्रकाला हवे आहे ते हेच. बाई वहीकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “हे लिहायचं असतं का?”

हा प्रश्न भाबडा वाटेल, पण त्यामागे पंधरा वर्षांची सवय आहे. 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात आकारिक (शिकवता-शिकवता वर्षभर होणाऱ्या) व संकलित (सत्राच्या शेवटी होणाऱ्या) मूल्यमापनाची पद्धत आली, तेव्हापासूनच पहिली-दुसरीत आकारिक मूल्यमापनाला 70 टक्के आणि संकलित मूल्यमापनाला 30 टक्के भार आहे. आकारिक मूल्यमापनाच्या साधनतंत्रांत दैनंदिन निरीक्षण सर्वांत आधी येते. म्हणजे मुलाकडे बारकाईने पाहणे हा धोरणाचा नवा शोध नसून कागदावर ते तेव्हापासूनच शिक्षकाचे मुख्य काम आहे. मात्र प्रत्येक मूल, प्रत्येक विषय आणि वर्षातून दोन सत्रे असा गुणाकार झाल्यावर तयार वाक्यांच्या याद्या एका शाळेतून दुसऱ्या शाळेत फिरू लागल्या आणि पाहणे एकीकडे व लिहिणे दुसरीकडे अशी फारकत झाली. याचा दोष मी बाईंना देऊ शकले नाही. वही पूर्ण आहे का, एवढेच ज्यांना विचारले गेले, त्यांनी ती पूर्ण ठेवली.

मग पुढील पंधरा दिवसांसाठी एकच काम ठरले. रोज एका मुलाविषयी, शाळा सुटल्यावर, शेजारच्या वर्गातल्या शिक्षकाला जसे सांगाल तशाच भाषेत दोन ओळी लिहायच्या. तयार वाक्य एकही वापरायचे नाही. आणि कोणाला दाखवायचे नाही. शेवटची अट महत्त्वाची होती. ज्याला लाजेची भीती वाटते त्याला आधी न बघितले जाण्याची जागा लागते. त्या वहीतली एक ओळ बाईंनी नंतर मला वाचून दाखवली: ‘गोष्ट सांगताना मध्ये थांबते, पण चित्र समोर धरले की थांबत नाही.’ पहिलीतल्या एका मुलीविषयीची ही ओळ ऐकताना मला त्या मुलीचा चेहरा दिसल्यासारखा झाला.

याच सुमारास आम्ही त्यांच्या नोकरीचा एक पट मांडला. डी.एड. करताना क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम, 2000 च्या जूनपासून पहिलीपासून इंग्रजी, 2010 ची मूल्यमापन पद्धत, 2015 चा प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम आणि त्याबरोबर ज्ञानरचनावादाचे, म्हणजे मुलाने स्वतः करून शिकण्याच्या पद्धतीचे, फरशीवर रंगवलेले तक्ते आणि चौकटी. “पहिलीला इंग्रजी आलं तेव्हा काय झालं होतं?” असे मी विचारले. बाई स्वतः मराठी माध्यमात आणि खेड्यात शिकलेल्या. त्या हसल्या, कारण तेव्हाही त्या रडल्या होत्या. मग शेजारच्या गावातील एक शिक्षिका आणि त्या शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर एका वर्गात बसून बडबडगीतांची इंग्रजी उच्चारणे एकमेकींना म्हणून दाखवत असत. “तिच्यासमोर चुकायला काही वाटायचं नाही,” असे त्या म्हणाल्या आणि पुढे काय करायचे हे मला सांगावे लागले नाही.

शनिवारची ती बैठक पुन्हा सुरू झाली. या वेळी बाईंची आणि शेजारची अशा दोन शाळांचे मिळून चार शिक्षक आणि समोर मुलांच्या वह्या. बाईंच्या शाळेतील तरुण सहशिक्षक, ज्यांचा ॲपवर भराभर चालणारा हात बघून बाईंना आपण मागासलेले आहोत असे वाटत असे, तेही या बैठकीत पहिल्यांदा बोलले की, नोंद भरता येते पण मुलाविषयी काय भरायचे ते सुचत नाही. दोघांनी अदलाबदल केली. ऑनलाइन माहिती ते भरतात आणि त्यांच्या तिसरीच्या वर्गात बाई आठवड्यातून एक तास मागे बसून वाचनात अडणाऱ्या मुलांकडे बघतात. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत या चौघांनी मिळून एकच मागणी केली: सादरीकरणाच्या पडद्यावरील व्याख्या थोड्या कमी करा आणि एका मुलाचे पूर्ण भरलेले पत्रक आमच्यासमोर ठेवून त्यावर चर्चा घ्या. केंद्रप्रमुखांनी पुढच्या परिषदेत पाऊण तास त्याला दिला. प्रशिक्षण देणाऱ्या मंडळींना माझेही कळकळीचे सांगणे हेच आहे. धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला पन्नास तासांचा व्यावसायिक विकास अपेक्षिला आहे. त्यातले काही तास जरी खऱ्या मुलांच्या खऱ्या वह्यांवर गेले, तरी माझ्याकडे येणाऱ्यांची संख्या घटेल असे मला मनापासून वाटते.

सगळे सुरळीत झाले असे नाही. दिवाळीच्या आसपास वस्तीवरची निम्मी घरे ऊसतोडीला निघाली आणि पालकांच्या मताचा रकाना कोणाकडून भरून घ्यायचा, हा प्रश्न उभा राहिला. रेंज नसल्यामुळे त्यांच्याशी फोनवरही बोलता येईना आणि दोन रात्री बाई पुन्हा तीनला जाग्या झाल्या. त्या आठवड्यात त्यांचा फोन आला, तेव्हा रकाना पालकांचा आहे की घरच्या माणसाचा, एवढेच मी विचारले.

वजाबाकीत अडणारा तो मुलगा आता तिसरीत, सहशिक्षकांच्या वर्गात आहे आणि हंगामात आजीजवळ राहतो. बाई त्याच्या ओट्यावर जाऊन बसल्या. आजीला लिहिता येत नाही, म्हणून ती सांगत गेली आणि बाई लिहीत गेल्या: शेळ्या मोजून आणतो, एक कमी असली तर कोणती ते नावानिशी सांगतो, दुधाचा आठवड्याचा हिशेब तोंडी ठेवतो, धाकटीला झोपवतो. ते पान घेऊन बाई डिसेंबरात माझ्याकडे आल्या. पत्रकातल्या रकान्यात ते मावले नव्हते, म्हणून त्यांनी मागे एक कागद जोडून टाचणी लावली होती. पुढची भेट कधी ठेवायची असे विचारल्यावर त्यांनी दिनदर्शिका काढली, शनिवारची बैठक कोणत्या आठवड्यात नाही ते बघितले आणि फेब्रुवारीतली एक तारीख सांगितली.